वास्तू वाचवा, पण वारसांची नावं खोडून नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात पडक्या ऐतिहासिक घरांवरचा लेख वाचला. छायाचित्रं बोलकी होती आणि लेखकाची कळकळही खरी वाटली. पण शेवटी त्यांनी सुचवलेला उपाय वाचून राहवेना, म्हणून हे पत्र. त्यांचं म्हणणं असं, की वारसांना ही घरं झेपत नाहीत, त्यांची आपसांत भांडणं संपत नाहीत. तेव्हा त्यांना सहा महिन्यांची नोटीस द्यावी आणि तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर सरकारने वास्तू ताब्यात घ्यावी. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणारी वास्तुरचनाकार आहे. अशा घरांच्या माळ्यावर हातात टॉर्च घेऊन रांगणं हाच माझा धंदा. त्या माळ्यावरून हा प्रश्न जरा वेगळा दिसतो.

घर पडायला सुरुवात कुठून होते, ते आधी सांगते. बहुतेक वेळा पन्हळीपासून. पानगळीचा कचरा साठून पन्हळ तुंबते किंवा तिचा एक सांधा निखळतो. मग छपराचं पाणी खाली न जाता भिंतीच्या माथ्यावर उतरायला लागतं. तुळईचं टोक भिंतीत जिथे बसलेलं असतं नेमकं तिथेच ते मुरतं. बाहेरून काही दिसत नाही. आतल्या खोलीत छताच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा एक डाग उमटतो, एवढंच. त्या डागाच्या वर मी तुळईत सुरी खुपसून पाहते. चांगलं लाकूड पातं अडवतं; कुजलेल्यात ते मुठीपर्यंत जातं आणि बाहेर काढलं की पात्याला ओला भुसा चिकटलेला असतो. मग वाळवी येते. तुळई खचते, तिच्यावरची भिंत पोटातून फुगते. या टप्प्यावर कुणीतरी शहाणा भिंतीच्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा थर चढवून देतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल निदान बाहेर तरी पडत होती. सिमेंटने तीही वाट बंद होते, भिंत आतल्या आत भिजत राहते आणि लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुटणारे क्षार, आणखी वर चढतो. छायाचित्रात आपल्याला दिसतं ते या सगळ्याच्या शेवटचं दृश्य.

पन्हळीचा सांधा जोडायला एक कारागीर, एक शिडी आणि दुपारभराचं काम पुरलं असतं. मग ते झालं का नाही? लेखकाने याला ‘मालकांची अनास्था’ म्हटलंय. मला दिसलेली गोष्ट अशी आहे. एका घराच्या वारसांपैकी एक वयस्क बाई होत्या, त्या घराच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या. छप्पर गळायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या खर्चाने ताडपत्री घातली, पुढच्या पावसाळ्यात बदलली, दोन ठिकाणी टेकू लावून घेतले. प्रत्येक पावती एका जुन्या डायरीत डिंकाने चिकटवून ठेवलेली. वारसांच्या बैठकीत त्यांनी ती डायरी काढली, तर पहिला प्रश्न आला, ‘तुला हे करायला सांगितलं कुणी?’ आणि दुसरा, ‘म्हणजे उद्या ताबा सांगणार का?’ बाईंनी डायरी मिटून पिशवीत टाकली. त्यानंतरची ताडपत्री कुणीच घातली नाही. त्या बैठकीतल्या एकालाही घर पडावं असं वाटत नव्हतं. उलट सगळ्यांना त्याचा अभिमान होता. प्रत्येक जण पणजोबांच्या गोष्टी सांगत होता.

वडिलोपार्जित मालकीचं हे गणितच असं आहे. एका माणसाने बांधलेलं घर, त्याला तीन मुलं, त्या प्रत्येकाला तीन, पुढे पुन्हा तीन: तिसऱ्या पिढीत सत्तावीस सहहिस्सेदार होतात. खर्च करणाऱ्याच्या खिशातून रुपया पूर्ण जातो आणि त्याच्या हिश्श्याला त्यातले चार पैसेही येत नाहीत. वर संशय पदरात. अशा स्थितीत न करणं हेच शहाणपणाचं ठरतं, आणि सत्तावीस शहाणी माणसं मिळून घर पाडतात. या वारसांना आळशी म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या जागी सरकारी खातं बसवलं म्हणून पन्हळ आपोआप साफ होईल असं मानणं त्याहून सोपं. सरकारी मालकीच्या, कुलूप लावून ठेवलेल्या जुन्या इमारतींचे माळेही मी पाहिले आहेत. तिथेही सुरी मुठीपर्यंत जाते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मालकी जिथे आहे तिथे राहू द्या, घराची देखभाल कुणी करायची एवढं मात्र तिच्यापासून सुटं करा. यात काही क्रांतिकारक नाही. जगात हे करून झालेलं आहे, आणि तेही कायद्यातल्या दोन-चार ओळींनी.

फ्रान्सचं उदाहरण घ्या. तिथल्या दिवाणी संहितेत सामाईक मालमत्तेच्या जतनासाठी आवश्यक ते काम कुठलाही एक सहहिस्सेदार इतरांना न विचारता करू शकतो. काम तातडीचंच असलं पाहिजे अशीही अट आता नाही. झालेल्या खर्चात बाकीच्यांना वाटा उचलायला लावण्याची सोयही त्याच कलमात आहे. 2006 च्या सुधारणेने पुढचं पाऊल टाकलं: रोजच्या व्यवस्थापनाचे निर्णय दोन तृतीयांश हिश्श्यांच्या मताने घेता येतात, एकमताची गरज नाही. घर विकायचं तर अर्थात सर्वसाधारणपणे सगळ्यांची सही लागते, आणि लागलीच पाहिजे. थोडक्यात, त्या डायरीवाल्या बाई फ्रान्समध्ये असत्या तर ‘तुला सांगितलं कुणी’ या प्रश्नाला त्यांना कायद्यातलं उत्तर देता आलं असतं.

जपानने दुखणं दुसऱ्या टोकाने धरलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वारसनोंदीच न झाल्याने मालक कोण तेच सापडत नाही अशा घरांचा आणि जमिनींचा ढीग साचला होता. 1 एप्रिल 2024 पासून तिथे वारसाहक्काने मालमत्ता मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत नोंद करणं सक्तीचं झालं. सबळ कारणाशिवाय टाळली तर एक लाख येनपर्यंत दंड. त्याच्या आदल्या वर्षापासून आणखी एक तरतूद लागू आहे, ती मला जास्त कामाची वाटते. एखाद्या सहहिस्सेदाराचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर न्यायालयाच्या परवानगीने त्याला वगळून बाकीच्यांना दुरुस्तीचा, व्यवस्थापनाचा निर्णय घेता येतो. त्याचा हिस्सा तसाच राहतो, फक्त त्याच्या सहीवाचून काम अडत नाही. माझ्या कामातली निम्मी घरं अशा एका सहीपायी अडलेली असतात. कुणी परदेशात आहे, कुणाचा पत्ता नाही, आणि कुणी वारलेला आहे पण त्याची मुलं किती ते ठाऊक नाही.

आता मालकी काढून घेतल्यावर काय होतं त्याकडे वळते, कारण लेखकाला तोच रस्ता हवा आहे. लेबनॉनमधल्या बैरुतच्या मध्यवर्ती भागात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. 1975 ते 1990 च्या यादवी युद्धात तो भाग उद्ध्वस्त झाला. एकेका मालमत्तेला इतके हक्कदार होते, की त्यांची संमती गोळा करत बसलं तर पुनर्बांधणी होणारच नाही असं सांगितलं गेलं. हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? 1991 च्या कायद्याने वाट मोकळी केली आणि 1994 मध्ये ‘सोलिदेर’ ही कंपनी उभी राहिली. मालकांना आणि भाडेकरूंना त्यांच्या हक्कांच्या बदल्यात कंपनीचे समभाग मिळाले. जतनासाठी निवडलेल्या काही इमारती अटी पाळून मालकांना परत घेता येत होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पाडलेल्या इमारती कितीतरी जास्त. जो भाग उभा राहिला तो देखणा आहे, दगडी दर्शनी भाग अगदी नीट घासूनपुसून ठेवलेले आहेत. पण जुनं दुकान, वरची खोली, जिन्याखालची जागा ज्यांच्या नावावर होती त्यांच्या हातात शेअरचा कागद उरला. शेअरचा भाव वरखाली होतो. आजोबांच्या घराचा उंबरठा तसा होत नाही.

याच्या बरोबर उलट उदाहरण इटलीतल्या बोलोन्याचं, आणि ते मी भेटेल त्याला ऐकवते. तिथल्या डाव्या नगरपालिकेने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या शहराच्या जतनाची योजना आखली. प्येर लुइजी चेर्व्हेल्लाती हे वास्तुरचनाकार तेव्हा पालिकेत होते. त्यांचा आग्रह असा, की इमारती आणि त्यांत राहणारी सामान्य माणसं, दोन्ही एकत्र टिकली पाहिजेत. 1973 च्या मूळ योजनेत मोडकळीला आलेली घरं पालिकेने संपादित करावीत असं होतं. हेतू स्वच्छ होता, पण छोट्या घरमालकांनी जोरदार विरोध केला. शेवटी पालिका एक पाऊल मागे आली आणि संपादनाच्या जागी करार आले. मालकी मालकाकडेच राहील, दुरुस्तीच्या खर्चाला पालिका हातभार लावेल, त्या बदल्यात मालकाने ठरलेल्या पद्धतीने दुरुस्ती करायची, भाडं ठरलेल्या मर्यादेत ठेवायचं आणि जुन्या भाडेकरूला परत घ्यायचं. योजनेतलं सगळं पार पडलं असं नाही. पण जगभरचे नगररचनाकार आजही बोलोन्याचं नाव घेतात ते या करारांमुळेही. आपल्याकडे सरकार एखाद्या योजनेत मागे आलं की आपण त्याला माघार म्हणतो. ही माघार मात्र मूळ योजनेपेक्षा बरी निघाली.

इंग्लंडमध्ये मधला रस्ता निघाला. थोरली घरं सांभाळणं सरदार घराण्यांना जड जाऊ लागलं, तेव्हा 1937 च्या कायद्याच्या आधारे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने योजना आणली. कुटुंबाने घर आणि त्याच्या देखभालीसाठी उत्पन्न ट्रस्टला द्यायचं आणि स्वतः त्याच घरात राहत राहायचं. ब्लिकलिंग हॉल हे असं थोरलं घर 1940 मध्ये याच योजनेखाली ट्रस्टकडे गेलं. घरं वाचली यात शंका नाही. पण मालकी गेली ती गेली, आणि ज्यांच्याकडे घराबरोबर देण्याइतकं उत्पन्न होतं त्यांनाच हे परवडलं. ज्यांच्याकडे घराखेरीज काहीच नाही अशा वारसांना त्याचा उपयोग नाही. आपल्या लेखकाच्या छायाचित्रांतली घरं या दुसऱ्या वर्गातली आहेत.

कुणी म्हणेल, मालकीचं एवढं काय घेऊन बसलात? वास्तू तर वाचते ना. मला हे तितकंसं पटत नाही, आणि त्यामागे भावनेपेक्षा कामाचं कारण जास्त आहे. घर कसं चालतं ते घराच्या माणसांना ठाऊक असतं. कुठली खिडकी कुठल्या वाऱ्याला बंद ठेवायची, अंगणाखालचं पाणी कुठून बाहेर पडतं, कुठली भिंत नंतर घातलेली आहे आणि कुठल्या कपाटामागे बुजवलेलं दार आहे. मी भेगा मोजते, ओल मोजते, नकाशे काढते. तरी एखादी आजी काठीने फरशी ठोकून ‘इथे खाली पोकळ आहे’ म्हणते तेव्हा माझा नकाशा बदलतो. घर परक्याच्या हाती गेलं की पहिल्या वर्षातच हे ज्ञान संपतं. मग ठेकेदार बुजवलेली मोरी तशीच ठेवून वर गुळगुळीत फरशी घालतो आणि दोन पावसाळ्यांनी पुन्हा मला बोलावणं येतं.

पैशाचा प्रश्न राहतोच. सगळ्यांत चालण्याजोगी वाट मला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची दिसते. एखादी संस्था किंवा विश्वस्त मंडळ घर ठरावीक वर्षांसाठी भाड्याने घेतं, स्वतःच्या पैशाने दुरुस्त करतं, वापरातून खर्च वसूल करतं आणि मुदत संपली की घर वारसांना परत देतं. कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात भाडेपट्ट्याचा मसुदा वाचताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. घर परत करताना ते कुठल्या अवस्थेत असेल? विमा कुणाच्या नावावर? मुदतीत संस्थाच बुडाली तर? भाडेपट्टा तारण ठेवून कर्ज काढता येईल का? आणि एक कलम मी आवर्जून घालायला सांगते: एखादी खोली, मग ती लहान का असेना, कुटुंबाच्या वापरासाठी राखीव हवी. वर्षानुवर्षं पाय न ठेवलेल्या घराबद्दल पुढच्या पिढीला काही वाटत नाही, आणि घर परत मिळतं त्याच दिवशी ती ते विकायला काढते.

दुसरी वाट कर्जाची. दुरुस्तीसाठी कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी कर्ज द्यायचं, मालमत्तेवर बोजा नोंदवायचा आणि घर विकलं गेलं तरच वसुली करायची. घर कुटुंबात राहिलं तर बोजाही झोपून राहतो. सीरियातल्या अलेप्पोच्या जुन्या शहरात 1990 च्या दशकात जर्मन साहाय्याने राहत्या कुटुंबांना घरदुरुस्तीसाठी छोटी कर्जं दिली जात. पुढे युद्धाने त्या शहराचं काय केलं ते आपण पाहिलं, पण कल्पना चुकीची नव्हती. करसवलत हाही मार्ग आहे. फ्रान्समध्ये 1996 च्या कायद्याने स्थापन झालेलं वारसा प्रतिष्ठान खासगी घरांना एक मान्यता देतं. ती मिळाली की दुरुस्तीखर्चाचा मोठा भाग, काही वेळा सगळाच, करपात्र उत्पन्नातून वजा होतो. पण ज्याला करच भरावा लागत नाही इतकं ज्याचं उत्पन्न तुटपुंजं, त्याला या सवलतीचं काय? म्हणून माझी पसंती कर्जाला.

वारस सगळे साधुसंत असतात असं म्हणायला मी काही कालची नाही. मुद्दाम छपराची कौलं काढून ठेवणारे, पाऊस आपलं काम करील म्हणून वाट पाहणारे, पाडण्याची परवानगी मिळावी म्हणून टेकू काढून घेणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांच्याबाबत सरकारने कठोर व्हावं, माझी काही हरकत नाही. पण कठोरपणालाही पायऱ्या असतात. इंग्लंडच्या 1990 च्या कायद्यात त्या नीट रचलेल्या आहेत. आधी स्थानिक प्राधिकरण नोटीस देऊन तातडीची कामं स्वतः करून घेतं, म्हणजे छप्पर झाकणं, टेकू देणं, पाणी अडवणं, आणि खर्च मालकाकडून वसूल करतं. मग नेमकी कुठली दुरुस्ती हवी याची यादी देणारी नोटीस. तीही धुडकावली तरच सक्तीचं संपादन. आणि घर जाणूनबुजून पडू दिल्याचं सिद्ध झालं तर भरपाई किमान. जाणूनबुजून पाडणारा आणि हतबल असलेला यांत तिथे फरक केला आहे. आपल्या लेखकाने दोघांना एकाच तागडीत घातलं.

वारसांनाही दोन शब्द सुनावते. घर वाचवायचं म्हणता आणि वारसनोंद आजोबांच्या नावावरच अडकलेली. ती आधी करा. आणि घर हातचं जायला आपला मोजका हिस्सा परक्याला विकणारा एक जण पुरतो; तो परका उद्या वाटणीचा दावा लावतो आणि न्यायालय घराचे तुकडे करता येत नाहीत म्हणून लिलाव काढतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जमिनी याच वाटेने मोठ्या प्रमाणावर गेल्या. 2010 मध्ये तिथे एक नमुना कायदा तयार झाला आणि अनेक राज्यांनी तो स्वीकारला: लिलावाआधी मालमत्तेचं मूल्यांकन, आणि वाटणी मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी बाकीच्या सहहिस्सेदारांना. भारताच्या 1893 च्या वाटणी कायद्याच्या चौथ्या कलमात याच जातीची सोय आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेऊन वाटणी मागितली, तर कुटुंबातला हिस्सेदार तो न्यायालय ठरवील त्या किमतीला विकत घेऊ शकतो. किती जणांना हे ठाऊक असतं? आणि जो दुरुस्ती करतो त्याच्या खर्चाची वही सगळ्यांनी मिळून ठेवा. वर्षाअखेर सह्या करा. घरातून कधी काही उत्पन्न आलं, तर त्या वहीतला खर्च आधी फिटेल आणि मग हिस्से पडतील, असं लिहून घ्या. त्याच सह्यांखाली हेही लिहा, की दुरुस्ती केली म्हणून कुणाचा ताबा सिद्ध होत नाही. एका पानाचं काम आहे. ज्या कुटुंबांनी ते केलं त्यांच्याकडे ताडपत्रीवरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

तेव्हा लेखकाला सहा महिन्यांची नोटीस हवीच असेल, तर तिच्यात एवढे बदल करावेत. नोटीस निघाली त्याच आठवड्यात प्राधिकरणाने पन्हळ आणि छप्पर तात्पुरतं दुरुस्त करावं आणि तो खर्च बोजा म्हणून चढवावा. कारण सहा महिन्यांत एक अख्खा पावसाळा बसतो. दुरुस्तीला तयार असलेल्या एका हिस्सेदाराला बाकीच्यांच्या सहीशिवाय काम सुरू करता यावं. ठावठिकाणा न लागणाऱ्याचा हिस्सा राखून त्याची सही माफ व्हावी. आणि नोटीस प्रत्येक वारसाला त्याच्या पत्त्यावर, नावाने जावी. आत्तापर्यंत मी पाहिलेल्या बहुतेक नोटिसा त्या बंद घराच्याच दाराला चिकटवलेल्या होत्या, आणि तिथे राहायला तर कुणीच नव्हतं.

आपली,
एक वास्तुरचनाकार वाचक